शेऱ्याचा रकाना

“रात्री बाराला दहा कमी असताना स्टॉकचा रिपोर्ट कोण बघतं?” असं प्लँट हेडनी विचारलं आणि मीटिंग रूममधल्या सगळ्या माना पडद्यावरच्या एका ओळीकडे वळल्या. ओळ अण्णांची होती. अण्णा म्हणजे आमच्या स्टोअरचे इन्चार्ज. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या या कंपनीत माझ्या कितीतरी आधीपासूनचे, कानावर पेन्सिल, खिशात चष्म्याचं घर, आणि कुठल्याही बेअरिंगचा नंबर विचारा, रॅकसकट सांगणार. पडद्यावरचा रिपोर्ट मी केलेला होता. कोणता रिपोर्ट कोण उघडतं, कधी उघडतं, किती वेळा, याचा रिपोर्ट. रिपोर्टांचा रिपोर्ट म्हणा. रिपोर्टांच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं, त्याचे पैसे माणशी मोजावे लागतात, तेव्हा जे महिनाभर काही उघडतच नाहीत त्यांची नावं गाळायची, एवढंच काम होतं. गाळायची नावं बाजूला राहिली आणि ही ओळ सापडली. २३:५०, २३:४७, २३:५२. जवळजवळ रोज. शनिवारी आमची साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी रात्री नोंद नाही, पण ऐन सुट्टीच्या शनिवारी रात्री मात्र आहेच. कंपनी बंद, माणूस घरी, मग मध्यरात्री स्टॉक कशाला बघायचा? कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणालं, “बाहेर कुणाला आकडे पुरवत नाहीत ना?” म्हणणारा गमतीत म्हणाला असेल. पण अण्णांना बोलावणं गेलं.

अण्णा आले आणि उभेच राहिले. खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत, खुर्चीच्या पाठीवर फक्त हात ठेवला. त्यांच्या बोटांना स्टोअरचा वास होता, गंजू नये म्हणून पार्टला लावतात त्या तेलाचा. साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी जरा मऊ आवाजात. अण्णांनी पडद्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. म्हणाले, “साहेब, मी दहाला झोपतो.” त्यात तक्रार नव्हती, बचावही नव्हता. एसीचा आवाज तेवढा येत राहिला. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, माझी कानशिलं तापली. तेवीस पन्नास अधिक साडेपाच. पहाटेचे पाच वीस. दुसऱ्या दिवशीचे.

“एक मिनिट,” मी म्हणाले, “चूक माझी आहे. वेळ यूटीसीतली आहे. जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागची.”

मग हशा पिकला. अण्णा, तुम्ही लंडनच्या घड्याळावर राहता काय, वगैरे. अण्णाही हसले. शनिवारची रात्र म्हणजे रविवारची पहाट होती, सुट्टी संपून पहिली पाळी उभी राहायच्या आधीची. शुक्रवारच्या रात्रीची नोंद नव्हती, कारण शनिवारी पहाटे ते सुट्टीवर होते. जे संशयास्पद दिसत होतं त्याच्याइतकं सरळ दुसरं काही नव्हतं. मी तिथल्या तिथे लॅपटॉपवर एक ओळ बदलली, रिफ्रेश केलं, अण्णांचे सगळे ठिपके मध्यरात्रीतून उठून पहाटेत जाऊन बसले. विषय संपला. पण दारातून बाहेर पडताना अण्णा वळले आणि म्हणाले, “मॅडम, म्हणजे मी कधी उघडतो ते दिसतं होय तुम्हाला?”

मी म्हणाले, “सगळ्यांचंच दिसतं.”

इतकं निरुपयोगी उत्तर मी आयुष्यात फार कमी वेळा दिलं असेल. त्यानंतर कित्येक दिवस गाडी चालवताना, भाजी निवडताना, पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला, मी त्या प्रश्नाला दुसरं उत्तर शोधत होते.

तो रिपोर्ट बांधायला मला तीन आठवडे लागले होते, आणि खरं सांगायचं तर ते तीन आठवडे मजेत गेले होते. पॉवर बीआय हे आमचं रिपोर्ट बनवायचं आणि बघायचं सॉफ्टवेअर. त्यात कोण काय करतं याची नोंद ती प्रणाली आपणहून ठेवत असते. कोणी रिपोर्ट उघडला, कोणी एक्सेलमध्ये उतरवून घेतला, कोणी कोणाला शेअर केला, कोणी वर्कस्पेस पुसलं. ही नोंद अॅडमिनसाठीच्या वेब एपीआयकडे मागायची, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे माहिती मागायच्या खिडकीवर. मागायच्या रीती ठरलेल्या. एका वेळी एकच दिवस मिळणार, सुरुवात आणि शेवट एकाच तारखेतले हवेत, आणि तारीख यूटीसीतली. हे मी वाचलं होतं, अधोरेखित केलं होतं, पाळलंही होतं. मागायचं यूटीसीत हे पाळलं आणि मिळतंही यूटीसीतच, हे विसरले. शिवाय उत्तर एकदम हातात पडत नाही. तुकड्यातुकड्यांनी येतं, आणि प्रत्येक तुकड्यासोबत पुढच्या तुकड्यासाठी एक चिठ्ठी. कधीकधी तुकडा रिकामा असतो आणि चिठ्ठी मात्र असते. रिकामा तुकडा बघून माघारी फिरलात तर मागचं सगळं गेलं. चिठ्ठी मिळायची थांबेपर्यंत खिडकीवर उभं राहायचं. तहसीलमध्ये ज्याचं कधी काम पडलंय त्याला हे शिकवावं लागत नाही. तासाला दोनशे वेळाच विचारायचं, त्याहून जास्त विचारलंत तर ४२९ असा आकडा तोंडावर येतो, म्हणजे फार विचारता, थांबा जरा. आणि जुनं सांगायचं तर जेमतेम चार आठवड्यांचंच देणार. त्यामागचं हवं असेल तर रोजच्या रोज उतरवून आपल्याच फोल्डरमध्ये साठवत राहायचं.

सगळं माझ्या लॅपटॉपवर छान चाललं आणि सर्व्हरवर चढवल्यावर आपोआप रिफ्रेश होईना. यात दोन दिवस गेले. मी दर दिवसाचा पत्ता जोडून जोडून तयार करत होते, मूळ पत्त्याला तारीख चिकटवून. सर्व्हिसला मात्र कोड चालवायच्या आधीच कळायला हवं असतं की हा नेमका कोणाच्या दारात जाणार आहे. मग वेब डॉट कंटेंट्स या बाहेरून माहिती आणणाऱ्या आज्ञेत मूळ पत्ता स्थिर ठेवला, पुढचा मार्ग रिलेटिव्ह पाथमध्ये दिला, तारखा क्वेरीमध्ये. म्हणजे घर सांगायचं आधी, आणि कोणाकडे, कशासाठी हे नंतर. रात्री साडेअकराला पहिल्यांदा हिरवी खूण आली तेव्हा मी एकटीच टाळी वाजवली होती. नवरा आतून म्हणाला, काय झालं? मी म्हणाले, आलं सगळं. काय आलं, हे त्याने विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. वीस-बावीस रकाने आले होते. माणसाचा ईमेल, कृती, वेळ, रिपोर्टचं नाव, कोणत्या यंत्रावरून, कोणत्या आयपीवरून. मी त्या रकान्यांकडे नुसतं बघत बसले होते, नव्या भांड्यांकडे बघावं तसं.

या सगळ्याची किल्ली म्हणजे टोकन. ते मागून घ्यायचं, प्रत्येक विनंतीसोबत दाखवायचं, साधारण तासाभराने ते शिळं होतं, मग नवं मागायचं. ज्याच्या हातात ते असेल त्याला दार उघडतं, तुम्ही कोण हे पुन्हा विचारत नाहीत. मला हा शब्द शिकावा लागला नाही, कारण आमच्या घरात तो माझ्या जन्माआधीपासून होता. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. गेटजवळच्या टाइम ऑफिसात लाकडी बोर्डावर पितळी बिल्ले टांगलेले असायचे, प्रत्येकावर नंबर ठोकलेला. बाबा माणसं नावाने कमी आणि टोकनने जास्त ओळखायचे. सातपूर कॉलनीत भाजी घेताना सांगायचे, तो बघ, एकशे बेचाळीस, त्याच्या मुलाचं लग्न ठरलं. टूल स्टोअरमधून हत्यार घ्यायचं तर टोकन खुंटीला अडकवायचं, हत्यार परत दिलं की टोकन परत. बोर्डावरच्या जागा बघून बाबा सांगू शकायचे की कारखान्यात आत्ता कोण आहे, आणि कोणाच्या हातात कुठलं हत्यार आहे. नंतर पंचिंगचं घड्याळ आलं. कार्ड खाचेत घातलं की खट्‌ करून वेळ उमटायची, वेळेत असेल तर निळी, उशीर झाला की लाल. लहानपणी सुट्टीत एकदा मी तिथे गेले होते आणि एका जुन्या कार्डावर दिवसभर खटखट केलं होतं. पंचिंगच्या शाईचा आणि यंत्रातल्या तेलाचा तो वास मला अजून ओळखता येईल.

बाबांच्या मस्टरला शेवटचा एक रकाना असायचा. शेरा.

मराठी रजिस्टरांत तो असतोच, जन्माची नोंदवही घ्या नाहीतर आवक-जावक. बहुतेक ठिकाणी तो कोराच राहतो. बाबा भरायचे. लाल वेळ उमटलेल्या ओळीपुढे पेन्सिलीने, बारीक अक्षरात: गंगेला पाणी, पूल बंद. मुलगी सिव्हिलला. बस पंक्चर, सोबत आणखी चौघे. नाशिकबाहेरच्यांना सांगायला हवं की इथे गंगा म्हणजे गोदावरी. तीन उशिरांना अर्धा दिवस कापायचा नियम होता, आणि कापायचा की नाही हे ठरवणारा साहेब शेरा वाचायचा. एकदा वरून विचारणा झाली होती की टाइमकीपरचं काम वेळ लिहिण्याचं आहे, कारणं लिहिण्याचं नाही. बाबांनी पेन्सिल सोडली नाही, फक्त अक्षर आणखी बारीक केलं.

पण मी बाबांची मूर्ती करायला बसलेले नाही. टाइम ऑफिसचा माणूस कोणालाच आवडत नाही. कॉलनीच्या नाक्यावर बाबा आले की गप्पा थांबायच्या हे मी पाहिलंय. आमच्या स्कूटरची सीट दोनदा ब्लेडने फाडली गेली. आणि काही वर्षांपूर्वी, निवृत्त होऊन बराच काळ लोटल्यावर, बाबांनी एका संध्याकाळी सहज सांगावं तसं सांगितलं होतं की एका माणसाशी त्यांचं वाजलं होतं आणि त्याच्या ओळीपुढे त्यांनी मुद्दाम काही लिहिलं नव्हतं. कारण माहीत होतं, खरं होतं, तरी रकाना कोरा ठेवला. अर्धा दिवस कापला गेला. “काही न लिहिणं हाही शेराच की,” ते म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आपण शेरा मारतो म्हणतो तो टोमणाही असतो, हे त्या भाषेला आधीच ठाऊक असणार.

अण्णांची गोष्ट मी त्याच दिवशी संध्याकाळी बाबांना सांगितली. सिडकोतल्या घराच्या गॅलरीत ते शेंगा सोलत बसले होते. यूटीसी म्हणजे काय हे त्यांना चटकन कळलं. घड्याळं हा त्यांचाच प्रांत. उलट त्यांनीच मला ऐकवलं की भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, त्यांचे वडील दोन वेळा सांगायचे, रेल्वेची आणि गावची. मग म्हणाले, “म्हणजे तुझ्या मशीनची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला.” हो. काळारामाची काकड आरती, दूधवाल्याची सायकल, थंडीच्या दिवसांत शेकोटीभोवती बसलेले रिक्षावाले, या सगळ्याच्या मधून एक रेघ जाते आणि तिच्या अलीकडचे लोक कालच्या तारखेत पडतात. अण्णा दहा मिनिटांनी कालमध्ये राहिले. बाबा थोडा वेळ शेंगा सोलत राहिले. मग विचारलं, “आणि शेऱ्याला जागा नाही ठेवलीस?”

मी म्हणाले, बाबा, एपीआयमधून शेरा येत नाही. ते म्हणाले, “येत नाहीच. लिहावा लागतो.”

या दिवसांत मला सारखं रामकुंड आठवत होतं. आजी गेली तेव्हा मी नववीत होते. अस्थी घेऊन आम्ही गंगेवर गेलो. ओलं वस्त्र, दर्भ, पिंडावर टपलेले कावळे, वानरं, पायऱ्यांवर पायाखाली सटकणारं शेवाळ. विधी झाल्यावर उपाध्यांनी बाबांना विचारलं, मूळ गाव? आडनाव? आमचं मूळ खानदेशात, अमळनेर तालुक्यात. ते म्हणाले, ते आमच्याकडे नाही, त्या गल्लीत विचारा. तिथल्यांनी लाल फडक्यातलं लांबट बाड काढलं, पानं उलटत गेले, आणि दहाएक मिनिटांत बोट ठेवलं. आजोबांची सही. ते कधी आले होते, सोबत कोण होतं, कोणाच्या अस्थी होत्या, मुलं किती. बाबांचं नाव त्यात होतं, चिरंजीव म्हणून, बाबा तेव्हा चार वर्षांचे. मी बाबांना तोवर रडताना पाहिलं नव्हतं, अस्थी सोडतानाही नाही. त्या पानावर हात ठेवून ते रडले. मग उपाध्यांनी नवी नोंद केली, आम्हाला विचारून विचारून, आजीचं माहेरचं नाव, तिथी, आम्हा नातवंडांची नावं, आणि शेवटी बाबांची सही घेतली. माझं नाव त्या बाडात आहे. मला ते आवडतं. कोणीतरी लिहून ठेवलंय की आम्ही आलो होतो.

२०१५ च्या जुलैत रामकुंडावर सिंहस्थाचा ध्वज चढला आणि योगायोग असा की त्याच महिन्यात पॉवर बीआय सगळ्यांसाठी खुलं झालं. गंमत म्हणून मी हे एकदा ऑफिसात सांगितलं होतं, कोणी हसलं नाही. पण दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्यात. नोंद इथेही आहे, नोंद तिथेही. गाव आणि आडनाव सांगितलं की बरोबर पानावर नेणारी ती पद्धत काही कमी चोख नाही, आणि चार आठवड्यांत पुसलीही जात नाही. तरी त्या वहीत नाव असलं की बरं वाटतं आणि या यादीत नाव दिसलं की माणूस चष्मा पुसतो. फरक कशात आहे हे मी बरेच दिवस घोळवलं. तिथे आपण पायांनी चालत जातो, हा एक. दुसरा म्हणजे लिहिणारा समोर बसून विचारतो आणि आपल्यादेखत लिहितो, आणि वही आपल्याकडे फिरवून म्हणतो, बघा, बरोबर आहे का. अण्णांकडे कोणी वही फिरवली नव्हती. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्यानंतर आमच्याकडे एक कागद सगळ्यांकडून सही करून घेतला गेला. त्यावर अण्णांचीही सही आहेच. आठ कागद एकदम आले होते. मीही वाचले नव्हते.

मग अण्णांची ओळ नाहीशी झाली.

त्या मीटिंगनंतर दुसऱ्या दिवसापासूनच. मी रोज सकाळी रिफ्रेश झालं की नाही बघते, तेव्हा नजर जायचीच. पाच वीसचा ठिपका नाही. सात वाजता नाही, नऊला नाही. नोंदी यायला कधीकधी दिवसभर लागतो, म्हणून मी एक दिवस वाट बघितली. आठवडा गेला, दोन गेले. वाटलं जाऊन विचारावं. पण काय विचारणार? अण्णा, हल्ली रिपोर्ट उघडत नाही का, असं विचारायचं म्हणजे मी अजून बघतेय हे सांगायचं. न विचारावं तर बघतेय हे लपवायचं. एपीआयच्या कागदपत्रांत प्रत्येक चुकीला आकडा आहे, ४०१ म्हणजे तुम्हाला ओळखत नाही, ४०३ म्हणजे ओळखतो पण परवानगी नाही. याला आकडा नव्हता. आणि तीस दिवस भरले तशी माझ्याच नियमाने त्यांची ओळ आपोआप लाल झाली, गाळायच्या यादीत जाऊन बसली. नियम मीच लिहिला होता, एका ओळीचा.

तोवर पाऊस लागला होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि सगळं नाशिक करतं तेच आम्हीही केलं, होळकर पुलावर जाऊन उभं राहिलो, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडालीय ते बघायला. किती क्युसेक सोडलं ते फोनवर येतं, पण इथे कोणी क्युसेक बोलत नाही. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. भांडी बाजारातले दुकानदार त्या मापावर माल वर चढवायचा की नाही ठरवतात. पुलावर दोन-तीनशे माणसं होती, छत्र्या, कणसाचा धूर, पोरं खांद्यावर. मला वाटून गेलं की याच्याइतका चांगला रिपोर्ट मी जन्मात केलेला नाही. लॉगिन नाही, प्रशिक्षण नाही, म्हाताऱ्यालाही कळतो. आणि त्या मारुतीला कोणी किती वाजता येऊन बघितलं हे कुठेही लिहिलं जात नाही. शेजारी एक गृहस्थ बायकोला सांगत होते, गेल्या वेळी मी रात्री दोनला आलो होतो बघायला. ती म्हणाली, मला नाही सांगितलंत. तिथेही लपवण्यासारखं काही असतं म्हणजे.

शेवटी मी स्टोअरमध्ये गेले, काही कारण न काढता. दुपारचे तीन, पाळी बदलायची वेळ. पुठ्ठ्यांचा, रबराचा, दमट लाकडी पॅलेटचा वास. अण्णांनी कोणाला तरी चहा आणायला पिटाळलं आणि मला एका बंद खोक्यावर बसायला दिलं. मी म्हणाले, अण्णा, तुमचं नाव लायसन्सच्या यादीतून जाईल, मला ते नकोय, म्हणून आले. ते हसले. मोबाइल काढून त्यांनी व्हॉट्सअॅप उघडलं. रात्रपाळीतला पोरगा रोज पहाटे कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो काढून पाठवतो, वाकडा, अर्ध्यावर ट्यूबलाइट चमकलेली. रात्रपाळीचं लॉगिन सामाईक आहे. त्या लॉगिनवर अलीकडे पहाटे एक नोंद जास्त यायला लागली होती, ती मी रोज बघत होते आणि माझ्या काही ध्यानात आलं नव्हतं.

“घरी चहा टाकला की उकळेपर्यंत मी बघायचो,” अण्णा म्हणाले. “लाइनला काय कमी पडणार ते तिथंच कळतं. कमी दिसलं की सिन्नरच्या माणसाला फोन लावायचा. त्याच्याकडं दोन म्हशी आहेत, धारा काढायला तो उठलेलाच असतो. सातच्या आत माल गेटवर.” मग जरा थांबून म्हणाले, “तसं काही नाही मॅडम. कंपनीचा रिपोर्ट आहे, कंपनीने बघावं कोण बघतं ते. पण ते आमच्या घरचा ओटा आहे. तिथवर कोणी आल्यासारखं वाटलं.”

चहा आला. आलं जास्त झालेलं. मी तो पूर्ण प्यायले.

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्टमधून वेळेचा रकाना काढला. तारीख ठेवली, वेळ नाही. वरून विचारलं गेलं तेव्हा मी सांगितलं की लायसन्ससाठी वेळ लागत नाही, जे खरंच आहे. हे आधी कोणीच का विचारलं नव्हतं, मीसुद्धा, ते मात्र मला सांगता आलं नसतं. मिळत होता म्हणून घेतला होता. आणि शेवटी एक नवा रकाना जोडला, एपीआयमधून न येणारा. एका साध्या शीटला जोडलेला. ज्याची ओळ त्याला ती दिसते आणि पुढे त्यानेच लिहायचं, मी नाही. बाबांना वाटलं होतं मी लिहीन. मला ती पेन्सिल हातात नको होती, त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता ती संध्याकाळ माझ्या चांगली लक्षात आहे. दोन महिने झाले, रकाना बहुतेक कोरा आहे. एकाने लिहिलं, प्रिंट काढून बोर्डावर लावतो, तीस जण वाचतात. क्वालिटीतल्या एका मुलीने लिहिलं, उघडते पण कळत नाही. हे वाक्य मी माझ्या टेबलापुढे चिकटवून ठेवलंय. अण्णांनी काहीच लिहिलेलं नाही. त्यांचं लायसन्स आहे, ओळ रिकामी आहे, वाकडा फोटो पहाटे जात असणार.

परवा मी उठले तर व्हॉट्सअॅपवर अण्णांचा मेसेज होता. तोच फोटो, ट्यूबलाइट चमकलेला, आणि खाली लिहिलेलं, “मॅडम बेअरिंगचा आकडा डबल दिसतोय का बघा.” पाच वाजून एकवीस मिनिटांचा. मी सात दहाला उघडला. दोन निळ्या खुणा झाल्या. मी उत्तर लिहायला घेतलं तेवढ्यात त्यांचा दुसरा मेसेज आला: “उठलात का. चहा घ्या आधी, मग बघा.”